उजवीकडे वळलेली मान

जबलपूरहून डिंडोरीकडे निघालेल्या रस्त्यावर कुंडम लागते. हिरन नदीचा उगम याच परिसरातला. पुढे ती नर्मदेला जाऊन मिळते. भोवती बहुतांशी गोंड वस्ती, मोहाची झाडे, कौलारू घरे आणि पावसाळा सरला की त्या कौलांवर पसरलेले भोपळ्याचे वेल. बँकेतल्या बदलीमुळे एक मराठी कुटुंब या गावात राहायला आले. तसे ते जबलपूरचेच. तिथली मराठी घरे कोणी भोसल्यांच्या अमदानीत, कोणी पुढे रेल्वेच्या आणि तोफगाडी कारखान्याच्या नोकरीपायी आलेली. घरात मराठी, अंगणात हिंदी, असा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज.

या घरात नोव्हेंबरमध्ये मुलगी झाली. छत्तिसावा आठवडा नुकताच पुरा झाला होता. म्हणजे थोडी लवकरच. वजन बेताचे, पण बाकी सारे ठीक. बाळंतपण जबलपूरला माहेरी झाले आणि फेब्रुवारीच्या आरंभी बाळंतीण बाळाला घेऊन कुंडमला परतली. मदतीला सासूबाई आल्या. तेल लावताना त्यांचा तळवा बाळाच्या डोक्यावरून फिरत होता. मागच्या बाजूला उजवीकडे येताच तो थबकला. जिथे गोलाई लागायला हवी तिथे सपाट लागले.

“अगं, हिचं डोकं एका अंगानं बसलंय. मोहरीची उशी केली नव्हतीस?”

“आई, डॉक्टरांनी उशी नको म्हणून सांगितलं होतं.”

“डॉक्टर काय, उद्या अंगडंही नको म्हणतील.”

सूनबाई शाळेत विज्ञान शिकवणारी. त्या रात्री तिने मोबाइलच्या उजेडात बाळाच्या डोक्याचा वरून फोटो काढला. मागचा उजवा भाग सपाट, उजवा कान डाव्यापेक्षा किंचित पुढे सरकलेला, उजव्या बाजूचे कपाळ जरासे पुढे आलेले. तिरक्या चौकटीसारखा आकार. दुसऱ्या दिवशी शेजारीण आली आणि सहज बोलून गेली, “दिमाग पे तो असर नहीं होगा न?” एवढ्या एका वाक्याने त्या घरातली झोप उडाली. डोके दिसायला कसे आहे, हा प्रश्न मागे पडला. त्या डोक्याच्या आत काय चालले आहे, हा प्रश्न उरला, आणि तो फोटोतून सुटणारा नव्हता.

या चपटेपणाला वैद्यकात ‘पोझिशनल प्लॅजिओसेफली’ म्हणतात. ग्रीक शब्दाचा अर्थ साधा आहे: तिरके डोके. मागची बाजू दोन्हीकडून सारखीच सपाट झाली तर तिला ‘ब्रॅकिसेफली’ म्हणतात. ही विरळा अवस्था नाही. कॅनडातील कॅल्गरी येथे ७ ते १२ आठवडे वयाच्या ४४० बाळांची तपासणी करून २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४६.६ टक्के बाळांमध्ये डोक्याचा कमी-अधिक चपटेपणा आढळला. त्यांतील तीन-चतुर्थांशांहून अधिक सौम्य होते. आणि चपटी बाजू बहुतेकदा उजवी. साधारण ६३ टक्के बाळांमध्ये. नवजात बालके स्वभावतःच मान उजवीकडे अधिक वळवतात.

हे घडते कसे, ते समजून घेण्यासाठी त्या कौलांवरच्या भोपळ्याकडे पाहावे. दगडाला टेकून वाढलेला भोपळा त्या अंगाने सपाट होतो. कोणी त्याला दाबून चेपलेले नसते. आतून वाढणाऱ्या गराला दगडाच्या दिशेने जागा मिळत नाही, म्हणून तो इतर दिशांना वाढतो. बाळाच्या कवटीचेही तसेच आहे. जन्मतः ती एकसंध नसते. हाडांचे पातळ पत्रे शिवणींनी सैल जोडलेले असतात आणि पुढे जिथे ते एकमेकांना भिडलेले नसतात, तिथे टाळू. ही टाळू साधारणतः दीड वर्षाच्या आत भरून येते. या सैल रचनेमुळेच बाळ जन्ममार्गातून सुखरूप बाहेर येते, आणि जन्मानंतर वेगाने वाढणाऱ्या मेंदूला जागा मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यानुसार मुलीच्या डोक्याचा घेर जन्मतः सरासरी ३४ सेंटिमीटर, तीन महिन्यांनी साडेएकोणचाळीस, सहा महिन्यांनी ४२ आणि वर्षाअखेरीस ४५ सेंटिमीटर असतो. वर्षभरातल्या ११ सेंटिमीटर वाढीपैकी निम्मी पहिल्या तीन महिन्यांतच उरकते. डोके चपटे व्हायचे ते याच काळात होते. वाढ शिल्लक असते तोवर ते गोल होण्याची संधीही शिल्लक असते. सहा महिन्यांनंतर हा हात आखडत जातो.

पण भोपळा आणि बाळ यांत एक मोठा फरक आहे. भोपळा कूस बदलत नाही. बाळ मान वळवते, निदान वळवू पाहते. सपाट गादीवर ठेवलेला गुळगुळीत चेंडू कुठेही स्थिर राहतो आणि बोटाच्या टोकाने हवा तिकडे वळतो. भौतिकशास्त्रात याला उदासीन संतुलन म्हणतात. त्याच चेंडूला एका बाजूने सपाट केले की तो त्या बाजूवर बसतो. हलवायचा तर गुरुत्वमध्य किंचित वर उचलावा लागतो, आणि सोडला की तो पुन्हा त्याच जागी येतो. उदासीन संतुलनाचे स्थिर संतुलन झाले. तीन महिन्यांच्या बाळाच्या मानेत बळ ते किती! थोडे सपाट झाले की वळणे अवघड. वळणे अवघड झाले की त्याच बाजूवर अधिक वेळ. अधिक वेळ म्हणून अधिक सपाट. हे चक्र स्वतःलाच खतपाणी घालते. दिवसाचे अठरा-अठरा तास झोपणाऱ्या जीवाला त्यातून एकट्याने बाहेर पडता येत नाही, कोणीतरी त्याला वळवावे लागते.

लवकर जन्मलेल्या बाळात हे अधिक सहज घडते. कवटी अधिक मऊ, स्नायू अधिक ढिले. त्यात पोटात एकाच अंगाला मान वाकवून राहिल्यामुळे मानेचा एक स्नायू आखूड आणि ताठ झालेला असेल, तर बाळाची इच्छा असूनही ते दुसरीकडे पाहू शकत नाही.

मग आपल्या आज्यांच्या काळी हे का दिसत नव्हते, असे सासूबाईंनी विचारले. प्रश्न रास्त होता. पाश्चात्त्य देशांपुरते त्याचे उत्तर इतिहासात सापडते. तिकडे अनेक दशके बाळांना पालथे झोपवण्याची रीत होती, आणि झोपेतच, कोणतेही कारण न सापडता, बाळे दगावत असत. पालथे झोपणे आणि हे मृत्यू यांचा संबंध न्यूझीलंड, ब्रिटन आणि इतरत्र झालेल्या अभ्यासांतून पुढे आला. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ मध्ये बाळांना उताणे किंवा कुशीवर झोपवण्याचा सल्ला दिला आणि १९९४ मध्ये ‘बॅक टू स्लीप’ ही देशव्यापी मोहीम सुरू झाली. दशकभरात असे मृत्यू निम्म्यावर आले. शिशु-आरोग्याच्या इतिहासात इतक्या कमी खर्चात इतके जीव वाचवणारे उपाय थोडे. त्याच काळात चपट्या डोक्याची बाळे दवाखान्यांत वाढू लागली. हा हिशेब मात्र नीट मांडायला हवा: एका पारड्यात जीव, दुसऱ्यात डोक्याचा आकार. उताणे झोपवणे चुकीचे ठरत नाही. पण ‘झोपताना उताणे’ या सूचनेचा ‘सदैव उताणे’ असा अर्थ होत गेला, आणि जागेपणी पालथे राहण्याचा बाळाचा वेळही त्यात गेला, हे तज्ज्ञांनीही पुढे ओळखले.

आपल्याकडचे बाळ पूर्वीपासून पुष्कळदा उताणेच झोपे. म्हणूनच डोके घडवण्याचे एवढे सोपस्कार आपल्या घरांत आले असावेत. मोहरीची उशी त्यांतली सर्वांत कल्पक. मोहरीचे दाणे बारीक, गोल आणि निसरडे. डोके ठेवताच ते बाजूला सरकतात आणि डोक्याच्या आकाराची वाटी होते. वजन तेवढेच, पण टेकण्याचे क्षेत्रफळ वाढल्यामुळे दाब कमी. प्रवाहासारखे वागणारे दाणेदार पदार्थ हा भौतिकशास्त्रात आजही संशोधनाचा विषय आहे आणि आपल्या आज्यांनी तो उशीत शिवला होता. अडचण पुढे आहे. जी वाटी दाब कमी करते तीच मानेला धरूनही ठेवते, आणि मोकळी मान हीच तर खरी गरज. शिवाय तान्ह्या बाळाच्या तोंडाजवळ मऊ काहीही असणे श्वासाच्या दृष्टीने धोक्याचे. डोके गोल करण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या उशा वापरू नयेत, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२२ मध्ये दिला तो याच कारणासाठी. सासूबाईंनी उशी तोवर शिवून ठेवलीही होती. तांबड्या छिटाची, हातशिलाईची. ती कपाटावर गेली. त्या दोन दिवस सुनेशी मोजकेच बोलल्या.

शेजारणीने विचारलेला प्रश्न मात्र घरात तसाच होता. डोक्याच्या आकारावरून बुद्धी कळते का? हा प्रश्न त्या घरापेक्षा पुष्कळ जुना आहे, आणि एका मराठी स्त्रीने तो एकेकाळी फार मोठ्या माणसासमोर बसून सोडवला होता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डोकी मोजण्याचे वेड युरोपभर पसरले. डोक्याची रुंदी भागिले लांबी गुणिले शंभर, हा शीर्षांक. त्यावरून वंश ठरे आणि वंशावरून लायकी. हिंदुस्थानात हर्बर्ट रिस्ले यांनी डोकी आणि नाके मोजून लोकांच्या वर्गवाऱ्या केल्या. १९०१ च्या जनगणनेचे ते आयुक्त होते. महाराष्ट्रातले लोक रुंद डोक्याचे दिसले म्हणून त्यांनी या लोकांच्या पूर्वजांत शकांचे मिश्रण कल्पिले आणि ‘सिथो-द्रविडियन’ असा वर्गच निर्माण केला. ही बाळे पाळण्यात कशी झोपत होती, हे त्या गणितात कुठे नव्हते. त्याच सुमारास जर्मनीत गुस्ताव वाल्खर या प्रसूतितज्ज्ञाने नवजात बाळांना उताणे किंवा कुशीवर ठेवून त्यांची डोकी रुंद वा लांबट होतात, हे दाखवले होते. वंशाची म्हणून मानलेली खूण काही आठवड्यांच्या झोपण्याने बदलत होती. तरीही मोजपट्ट्या थांबल्या नाहीत. सोयीचे माप हाती असले की माणूस ते काय मोजते हे विचारायचे विसरतो.

१९२० च्या दशकाच्या अखेरीस इरावती कर्वे बर्लिनला गेल्या. महर्षी धोंडो केशव कर्वे त्यांचे सासरे. सुनेच्या परदेशगमनाला त्यांचा विरोध होता. पती दिनकर कर्वे स्वतः जर्मनीत रसायनशास्त्रात डॉक्टरेट घेतलेले. ते पाठीशी उभे राहिले, आणि जिवराज मेहता यांनी कर्ज दिले. कैसर विल्हेल्म संस्थेच्या मानववंशशास्त्र विभागाचे प्रमुख ऑयगेन फिशर हे इरावतीबाईंचे मार्गदर्शक. त्यांनी दिलेला विषय होता मानवी कवटीची असममिती, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंतला फरक. फिशर यांची कल्पना अशी की गोऱ्या युरोपीयांच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग अधिक विकसित, त्यामुळे त्यांची कवटी अधिक असममित आणि त्यांची तर्कबुद्धी श्रेष्ठ. कवट्यांतून हे दिसायला हवे होते.

इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. संग्रहातल्या काही युरोपीय होत्या, काही वसाहतींतून आणलेल्या. मापे घेतल्यावर जे दिसले ते असे: असममिती सगळ्यांतच आहे, आणि तिचा वंशाशी संबंध नाही. पंचविशीच्या आतबाहेरची, परक्या भाषेत शिकणारी विद्यार्थिनी. समोर जर्मनीतला नामांकित प्राध्यापक, ज्याचे सिद्धान्त पुढे नाझी धोरणांना आधार म्हणून वापरले गेले. त्याच्याच संस्थेत, त्याच्याच कवट्यांवरून, त्याच्याच पद्धतीने त्याचे म्हणणे टिकत नाही, असे तिने प्रबंधात लिहून दिले. ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून मराठी वाचक इरावतीबाईंना ओळखतो, त्यांच्या आयुष्यातले हे पान त्या मानाने अपरिचित राहिले. अर्थात भारतात परतल्यावर त्यांनी कॅलिपर खाली ठेवला असे नाही. महाराष्ट्रातल्या जातीजमातींची शरीरमापे त्या पुढेही अनेक वर्षे घेत राहिल्या. माप त्यांना वर्ज्य नव्हते. मापातून जे निघत नाही ते त्यातून काढणे त्यांनी नाकारले होते.

सममित डोके नावाची वस्तू निसर्गात मिळत नाही, एवढे तरी या १४९ कवट्यांनी सांगितले. पण कुंडमच्या आईच्या मनातली भीती वेगळ्या जातीची होती. तिला वंश नको होता. तिला आपल्या मुलीपुरते उत्तर हवे होते. ते उत्तर अलीकडच्या अभ्यासांत आहे. मात्र वाचायचे कसे, यावर बरेच अवलंबून आहे.

अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथील संशोधकांनी २०१० मध्ये दाखवले की साधारण सहा महिन्यांच्या, चपट्या डोक्याचे निदान झालेल्या बाळांचे विकास-चाचणीतले गुण इतर बाळांपेक्षा सरासरीने कमी असतात. विशेषतः हालचालींच्या कौशल्यात. त्याच गटाने ही मुले शाळेच्या वयापर्यंत पाहिली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत चपटेपणा असलेली १८७ आणि नसलेली १४९ मुले होती. (पुन्हा १४९, निव्वळ योगायोग.) सौम्य चपटेपणा असलेल्या मुलांत आणि इतरांत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. मध्यम आणि तीव्र चपटेपणा असलेल्यांचे गुण सरासरीने थोडे कमी होते.

हे वाचून कोणाही आईचा जीव खालीवर होईल. पण या अभ्यासांतून डोके चपटे झाल्याने मेंदू मंदावतो, असा निष्कर्ष निघत नाही. चपट्या कवटीत मेंदूला जागा कमी पडत नाही. भोपळ्यासारखा तो दुसरीकडे वाढतो. बाण उलट्या दिशेने असण्याची शक्यता संशोधकांना अधिक वाटते. ज्या बाळाचे स्नायू ढिले आहेत, जे कमी हलते, जे मान वळवत नाही, त्याचे डोके चपटे होते. हालचाल कमी असण्याचे कारण मुळात चेतासंस्थेच्या विकासात असेल, तर तेच कारण पुढे चाचणीतही दिसेल. म्हणजे चपटे डोके हे अनेकदा आजाराचे कारण नसून बाळ कसे हलते याची नोंद असते. ओल्या मातीवर पाऊल उमटते. पाय लंगडतो का, हे पावलावरून कळू शकते, पण पाऊल पुसल्याने लंगडणे जात नाही.

पावलाचा ठसा पुसण्याचा उद्योग मात्र जगात जोरात चालतो. बाळाच्या डोक्यावर दिवसाचे २३ तास घालायची, खास बनवलेली महागडी शिरस्त्राणे मिळतात. सूनबाईने एका रात्री त्यांच्या जाहिराती पाहून पतीला उठवले होते आणि दोघांनी बचतीचा हिशेब मांडला होता. नेदरलँड्समधील ८४ बाळांवरच्या प्रयोगाचा निष्कर्ष २०१४ मध्ये ‘बीएमजे’ या नियतकालिकात आला. मध्यम ते तीव्र चपटेपणा असलेल्या पाच-सहा महिन्यांच्या या बाळांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली गेली. एका गटाला सहा महिने शिरस्त्राण, दुसऱ्याला काहीच नाही. दोन वर्षांचे होईतो पूर्ण सुधारलेली बाळे शिरस्त्राण गटात २६ टक्के आणि दुसऱ्यात २३ टक्के. शिरस्त्राण घातलेल्या सर्वच पालकांनी काही ना काही त्रास नोंदवला, बहुतेकांनी त्वचेवरची लाली. अतितीव्र चपटेपणाची आणि ताठ मानेची बाळे या प्रयोगात घेतली नव्हती, त्यामुळे त्यांच्याबद्दल हा प्रयोग बोलत नाही. एरवी काळच पुष्कळ काम करतो. न्यूझीलंडमध्ये २०० बाळांवर दोन वर्षे लक्ष ठेवले गेले. चपटेपणा चौथ्या महिन्यात सर्वाधिक, सुमारे २० टक्क्यांत होता. दोन वर्षांच्या वयाला तो ३.३ टक्क्यांवर आला.

फेब्रुवारीच्याच अखेरीस आशा कार्यकर्ती घरी आली. बाळाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात आशांनी घरी जाऊन विकास पाहावा, ही योजना २०१८ पासूनची. तिच्या मुळाशी गडचिरोली आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घेतली. तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. घरी जाऊन बाळ पाहण्याची ती रीत पुढे देशभर गेली आणि अशी कुंडमलाही पोहोचली.

या आशाताईंनी डोक्याकडे एकदाच पाहिले. मग त्या बाळाच्या समोर बसल्या आणि पदराला बांधलेल्या किल्ल्या वाजवल्या. उजवीकडे वाजवल्या, बाळ वळले. डावीकडे नेल्या, बाळाचे डोळे डावीकडे गेले, पण हनुवटी अर्ध्या वाटेत थांबली. त्यांनी पुन्हा वाजवल्या, पुन्हा तेच.

“दीदी, आँख जा रही है, गर्दन नहीं जा रही. खटिया दिखाओ, सोती कहाँ है?”

खाटेची डावी बाजू भिंतीला लागून होती. खिडकी, दिवा, दार, आई, आजी, अंगणातली शेळी, जे जे पाहण्यासारखे, ते सारे उजवीकडे. तीन महिन्यांच्या जीवाने डावीकडे मान वळवावी तर समोर चुन्याची भिंत. विज्ञान शिकवणाऱ्या आईने आठ दिवस अभ्यास वाचून काढले होते; खाट तिने पाहिली नव्हती.

जबलपूरला डॉक्टरांनी पाहिले तेव्हा निदान दोन-चार मिनिटांचे होते. त्यांनी डोके वरून पाहिले, शिवणींवरून बोट फिरवले. कवटीची शिवण वेळेआधी जुळली असेल तर तिथे उंचवटा लागतो, डोक्याचा आकार जन्मापासूनच वेगळा असतो आणि वाढीबरोबर बिघडत जातो. ती अवस्था दोन-अडीच हजारांत एखाद्या बाळाला होते आणि तिला शस्त्रक्रिया लागू शकते. इथे उंचवटा नव्हता, कान मागे नव्हे तर पुढे सरकलेला होता. उजवीकडे वळून राहिलेल्या मानेचा एक स्नायू थोडा ताठ. त्यांनी तो हळूहळू ताणण्याची पद्धत आईला करून दाखवली, मग तिच्याकडून करून घेतली, चुकली तिथे हात धरला. बाळाची उशा-पायथ्याची दिशा बदलायला सांगितली. झोप उताणीच, पण जागेपणी, समोर कोणी बसलेले असताना, दिवसातून अनेकदा पालथे.

पालथे घालायचे म्हणताच सासूबाईंचा चेहरा उजळला. इतके दिवस त्या तेच तर करत होत्या. पाटावर बसून पाय लांब करायचे, नडग्यांवर बाळाला पालथे घालायचे, पाठीवर कोमट पाणी सोडायचे; आणि बाळाने चिडून, रडत का होईना, मान वर काढायची. आपल्याकडची ही अंघोळ म्हणजे मानेचा आणि खांद्यांचा रोजचा व्यायाम. इंग्रजी पुस्तके ज्याला ‘टमी टाइम’ म्हणतात आणि ज्यासाठी रंगीत चटया विकल्या जातात, ते पाटाजवळ कधीपासून चालले होते. जबलपूरच्या फ्लॅटमध्ये बाळाला प्लास्टिकच्या तिरक्या आसनात बसवून अंघोळ घातली जात होती, तेवढे तीन महिने ते हुकले. उशीच्या बाबतीत चुकलेल्या आजी अंघोळीच्या बाबतीत बरोबर होत्या, आणि हे सुनेने त्यांना मोकळेपणाने सांगितले. त्यानंतर त्या घरातले मौन संपले.

मार्च ते मे बाळाचे जग डावीकडे सरकवण्यात गेले. खाट फिरवली. अंगावर पाजताना बाजू बदलली. बोलायचे ते डावीकडून, खुळखुळा वाजवायचा तो डावीकडून. नवरा बँकेतून आला की चटईवर पोटावर आडवा होऊन बाळाच्या डोळ्यांना डोळे भिडवून पडून राही. जबलपूरहून फोन येत, की अमक्याची नात पाचव्या महिन्यात पालथी पडली. सूनबाईने मग जागतिक आरोग्य संघटनेचा तक्ता भिंतीवर लावला. दिल्लीसह पाच देशांतल्या निरोगी बाळांवरून तो केलेला आहे. आधाराशिवाय बसणे ३.८ ते ९.२ महिने, हातगुडघ्यांवर रांगणे ५.२ ते १३.५, एकट्याने चालणे ८.२ ते १७.६. निरोगी बाळांच्या या वेळा इतक्या ऐसपैस आहेत. लवकर जन्मलेल्या बाळाचे वय मोजताना तेवढे आठवडे वजा करायचे असतात, हेही तिने तक्त्याखाली पेन्सिलने लिहिले. तारखांपेक्षा क्रम, आणि दोन्ही बाजू सारख्या चालतात का, हे ती पाहू लागली. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक आले तेव्हा तिने त्यांच्यासमोरही हीच वही ठेवली. पालघरला फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम. बाळाच्या विकासात अडथळा दिसला तर जिल्ह्याच्या केंद्रात पाठवण्याची सोय त्यात आहे. पथकातल्या डॉक्टरांनी वही पाहिली, बाळाला उचलले, दोन्ही बाजूंनी टाळी वाजवली आणि पाठवण्याची गरज नाही म्हणून सांगितले.

जूनच्या पहिल्या पावसात बाळ डाव्या कुशीवरून पालथे पडले. उजव्या कुशीवरून ते आधीच पडत असे. डावीकडूनचे हे पहिलेच. आईने वहीत तारीख घातली.

ऑगस्टमध्ये कौलांवर पुन्हा भोपळे धरले. बाळाच्या डोक्याची उजवी बाजू अजूनही डावीसारखी नाही. केस दाट झाल्याने ती दिसत नाही, तळव्याला मात्र लागते. सासूबाई तेल लावताना अजूनही तिथे क्षणभर थांबतात. शेळी डाव्या हाताला ओरडली की बाळ सबंध मान वळवून तिकडे बघते आणि मग पोटावर सरपटत निघते. कपाटावरची तांबड्या छिटाची उशी एके दुपारी त्यांनी उसवली, मोहरी पाखडली आणि फोडणीच्या डब्यात भरून टाकली.